विश्रामबागच्या पुढचं रिवाइंडिंगचं दुकान: दोन फ्लिपर कॉइल, एक स्टेप-डाऊन आणि पाच आठवडे

सांगलीहून मिरजेकडं जाताना विश्रामबाग ओलांडलं की एका गल्लीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालीत. खूण म्हणाल तर दारात सबमर्सिबल मोटारींचा ढीग असतो आणि वार्निशचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. मिस्त्रींनी नाव आणि नंबर लिहू नका असं बजावलंय. "आहे तीच कामं उरकंनात ताई, आणि कशाला गर्दी?" म्हणून पत्ता एवढाच देते.

या दुकानानं आमच्या अण्णांचं पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर स्टीलचा गोळा खेळवायचं यंत्र, परत चालू करून दिलं. काम अव्वल, पैसे वाजवी, वेळ मात्र आठ दिवस सांगून पाच आठवडे. ज्याला एवढंच हवंय त्यानं इथं थांबलं तरी चालेल. बाकीचं मी लिहितेय ते असलं जुनं, पार्ट हरवलेलं यंत्र घरात असणाऱ्यांसाठी. कारण "पार्ट मिळत नाहीत, आता शोपीस म्हणून ठेवा" हे वाक्य मी दोन मोठ्या शहरांतल्या तीन दुकानांत ऐकलं होतं.

मशीन शिकागोच्या डी. गॉटलीब अँड कंपनीचं, साठच्या दशकातलं, एका खेळाडूचं. आमचा धंदा हळदीच्या अडतीचा. अण्णा तेव्हा मशीद बंदरला हळद घेऊन जायचे. १९७९ साली तिथल्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं मुंबईतल्या बंद पडलेल्या एका क्लबचं सामान लिलावात निघालं, त्यात त्यांनी हे घेतलं आणि हळद उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून सांगलीला आणलं. दुकानामागच्या वखारीत ते सतरा वर्षं होतं. हमाल त्याला "गोळ्याचा खेळ" म्हणायचे. दुपारी जेवणं झाली की पोत्यांच्या थप्पीला टेकून पाच-सहा जण रांगेत उभे असायचे, आणि महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा दाराच्या फळीवर खडूनं लिहिलेला असायचा. आईला तो जुगार वाटायचा. पैसे कुणीच लावत नव्हतं, तरी तिचा राग गेला नाही. पुढं वाचनात आलं की न्यूयॉर्क शहरातसुद्धा १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती, आणि कारण तेच, जुगार. आईला हे सांगायला हवं होतं.

१९९६ मध्ये उजवा फ्लिपर ढिला पडला. फ्लिपर म्हणजे खालच्या बाजूचे ते दोन छोटे दांडके, बटण दाबलं की उडणारे आणि गोळा परत वर मारणारे. गॉटलीबनंच १९४७ मध्ये हम्प्टी डम्प्टी नावाच्या मशीनवर विजेवर चालणारे फ्लिपर पहिल्यांदा बसवले. त्याआधी गोळा सोडला की माणसानं नुसतं बघत राहायचं किंवा मशीन हलवायचं. तर तो उजवा फ्लिपर बघायला अण्णांनी बाहेरगावचा एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं काय केलं ते आम्हाला यंदा कळलं. फ्लिपर जोरात उडावा म्हणून त्यानं आतली एक पट्टी पकडीनं वाकवून कायमची चिकटवून ठेवली होती. दोन दिवस फ्लिपर बंदुकीसारखा उडाला. तिसऱ्या दिवशी धूर निघाला. अण्णांनी मशीन उतरवलं. नमुना म्हणून दाखवायला डाव्या फ्लिपरची चांगली कॉइल (त्याला उडवणारं तारेचं वेटोळं) काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली. पाय, पायांचे बोल्ट, स्टीलचा गोळा, घरची वीज ११५ व्होल्टवर उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, सगळं त्या पेटीच्या आत किंवा शेजारी. वरची काच भिंतीला टेकवली. पेटी आणि ते सामान गावभागातल्या घरी खालच्या खोलीत आणि मशीनचं धड अन् डोकं (मागचा आकड्यांचा उभा खोका) वरच्या मजल्यावर.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर खालच्या खोलीत गुडघाभर गाळ होता, मागचं दार निखळलं होतं आणि पेटी कुठं गेली ते आजतागायत कळलं नाही. काचेचे तुकडे गाळात सापडले. म्हणजे चांगली कॉइल गेली आणि जळकी तेवढी वर सुखरूप राहिली.

यंदा पाडव्याला अण्णांना एक्क्याऐंशी सुरू झालं. त्याआधी हे मशीन चालू करायचं असं मी आणि माझ्या भाच्यानं ठरवलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती जळकी कॉइल रुमालात बांधून या दुकानात गेलो.

मिस्त्रींनी अशी कॉइल आयुष्यात पाहिली नव्हती आणि त्यांनी ते पहिल्याच वाक्यात सांगितलं. मला तिथंच विश्वास वाटला. कॉइल हातात फिरवली, वास घेतला, आणि विचारलं, "दोन तोंडं असतात, हिला तीन का?" भाच्यानं मोबाईलवर आकृती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं ती आकृती बघितली. मागं दोन शेतकरी मोटारीसाठी थांबलेले, तेही वाकून बघायला लागले.

ते तीन तोंडांचं, म्हणजे जोडायच्या तीन टोकांचं, कोडं इथं सांगते, कारण सगळं दुखणं त्यातच होतं. फ्लिपरच्या एका कॉइलमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेचे गुंडाळे, असतात, एक जाड तारेचं आणि एक बारीक तारेचं, एकापुढं एक जोडलेली. बटण दाबताक्षणी करंट फक्त जाड तारेतून जातो, कारण बारीक वाइंडिंगला वळसा घालून देणारी एक पट्टी तेव्हा चिकटलेली असते. जाड तारेला रोध कमी, करंट भरपूर, म्हणून दांडका सपकन उडतो. तो वर पोचला की त्याचाच एक कोपरा त्या पट्टीला ढकलून उघडतो. मग करंटला जाड आणि बारीक अशा दोन्हींतून जावं लागतं, तो एकदम कमी होतो, आणि बटण दाबून धरलं तरी फ्लिपर वर राहतो पण कॉइल तापत नाही. ती पट्टी उघडलीच नाही तर जाड वाइंडिंग सगळा करंट अंगावर घेत बसतं आणि थोड्याच वेळात जळतं. १९९६ मध्ये पकडीनं वाकवलेली ती हीच पट्टी. मिस्त्रींना हे उमगलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी मोटारीच्या स्टार्टरसारखंच की. उठवायला एक, पळवायला दुसरं." आकृती बघणाऱ्या आम्हा दोघांना एवढ्या सोप्या शब्दांत ते कधी सुचलं नव्हतं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. जळकी कॉइल कुणीही कापून फेकली असती आणि अंदाजानं तार गुंडाळून दिली असती. मिस्त्रींनी ती उलगडली. वरचा कागद ब्लेडनं सोडवला, तार कुठल्या दिशेनं गुंडाळलीय ते बॉबिनच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळाच्या, कडेवर पेन्सिलीनं बाण काढून ठेवलं, आणि हातानं फिरवायच्या वाइंडिंग मशीनवर कॉइल उलटी चढवून एक-एक फेरा सोडायला घेतला. बारीक तार चांगली होती, सरसर निघाली. जाड तार वार्निशसकट करपून एकमेकींना चिकटली होती, दर पाच-दहा फेऱ्यांना तुटायची. तुटली की टोक शोधायचं, काउंटरचा आकडा वहीत लिहायचा, परत सुरू. शंभर झाले की कॅलेंडरच्या मागं एक रेघ. मध्ये कुणी गिऱ्हाईक बोलायला आलं तर डावा हात नुसता वर करायचे, आणि त्यांच्या पोराला कळायचं की आता बापाला बोलायचं नाही. एक थर इतका करपला होता की फेरे मोजता येईनात. तिथं त्यांनी शेजारच्या थरातली तार फूटपट्टीवर आडवी मोजली, एका थरात किती बसतात ते काढलं आणि तो आकडा वहीत वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहिला, "हा मोजलेला न्हाई, काढलेला हाय" असं मला दाखवून.

तारेवरचा इनॅमलचा लेप काडीनं जाळून, फडक्यानं पुसून त्यांनी मायक्रोमीटर लावला. जाड तार अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. आपल्याकडं रिवाइंडिंगवाले एस.डब्ल्यू.जी. गेज (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) वापरतात, अमेरिकन गेज निराळं. अमेरिकन २४ नंबर म्हणजे आपला जवळपास २५. नुसता "२४ नंबर" हा आकडा कागदावर वाचून आपली २४ ची तार घातली असती तर ती जाड झाली असती, तेवढेच फेरे त्या बॉबिनवर मावले नसते आणि करंटही वाढला असता. हे मिस्त्रींनी मला विचारण्याआधीच ओळखलं. दोन्ही वाइंडिंग एकाच दिशेनं हवीत हेही त्यांचंच. एक उलटं गेलं तर दोघं एकमेकांचं चुंबक मारतात आणि फ्लिपर वर टिकत नाही.

पहिली कॉइल तरीही फसली. तार बरोबर, फेरे बरोबर, पण आपल्या तारेवरचं इनॅमल जरा जाड आणि पोरानं थर सैल सोडलेले, त्यामुळं कॉइल फुगली आणि पत्र्याच्या चौकटीत बसेना. मी घरून फोन केला तर "ठोकून बसवा" म्हणाले नाहीत. परत आणायला सांगितली, पूर्ण उलगडली आणि दुसऱ्यांदा स्वतः गुंडाळली, तार ताणून, थराला थर भिडवून. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दोन्ही कॉइल आता हातात धरून बघितल्या तर कुठली उजवी आणि कुठली डावी हे ओळखता येत नाही.

स्टेप-डाऊनचं कामही इथंच केलं. मशीन अमेरिकेच्या विजेवर बनलेलं, आपली २३० व्होल्ट, त्यामुळं मधे ट्रान्सफॉर्मर लागतोच. बाजारात स्वस्तातला मिळतो त्यात बहुतेक वेळा एकच वाइंडिंग असतं आणि मधून तार काढलेली असते. मिस्त्री म्हणाले, ते नको, मी दोन वेगळी वाइंडिंग करून देतो, घरची लाईन आणि मशीन यांचा तारेनं संबंधच ठेवत नाही. मशीनचा प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही, आणि कडेच्या पट्ट्या, पैसे टाकायचं दार, पाय सगळं लोखंडी. "म्हातारं माणूस हात टेकवून उभं ऱ्हाणार न्हवं?" असं म्हणून त्यांनी तीन वायरची केबल द्यायला लावली आणि त्या सगळ्या लोखंडाला अर्थ जोडून घ्यायला सांगितलं. भाच्यानं ते घरी केलं. पाचशे व्हीए ताकदीचा तो ट्रान्सफॉर्मर तासभर खेळलं तरी कोमटच असतो.

आता तक्रार. आठ दिवस सांगितले होते. मी नवव्या दिवशी गेले तर कॉइल तशीच रुमालात. मार्च-एप्रिल म्हणजे तासगाव-कवठेमहांकाळकडच्या मोटारी रोज येतात. द्राक्षाची काढणी संपत आलेली, पुढं खरड छाटणीला पाणी लागतं, आणि जळकी मोटार घेऊन आलेला माणूस दारातच बसून राहतो. मिस्त्रींचा नियम सरळ आहे, शेतीची मोटार आधी. मी तीन हेलपाटे घातले. नियमाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, बाग वाळत असताना माझा खेळ मागं राहिला हे बरोबरच झालं. पण पहिल्याच दिवशी "महिना लागंल" म्हणाले असते तर मी महिना धरून चालले असते. पाडवा हुकला. फोनसुद्धा ते सहसा उचलत नाहीत, हात तारेत असतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पाय कुपवाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं अँगल वाकवून बनवले. बोल्टला एम-१० चालतो असं आधी वाटलं होतं, तो आटे धरायच्या आधीच अडला. मूळचे तीन-अष्टमांश इंची, इंचाला सोळा आटे. जुन्या हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट अजून मिळतात, नेताना नट सोबत न्या. गोळा बेअरिंगच्या दुकानातून घेतला, एक पूर्णांक एक-सोळांश इंच व्यासाचा, बेअरिंगमध्ये हे माप चालतं. खात्री म्हणून मी तो सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात वजन केला, ८० ग्रॅम भरला, पिनबॉलचा गोळा तेवढाच असतो. काच २१ बाय ४३ इंच, टफन्ड (तापवून कणखर) करून घेतली. टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, त्यामुळं माप द्यायला घाई करू नका, आम्ही पुठ्ठा कापून आधी सरकवून बघितला. रबरी रिंगा मात्र इथं जमल्या नाहीत, अमेरिकेतून मागवल्या.

पट्ट्या म्हणजे लीफ स्विच आम्ही घरीच साफ केले, जाड कोरा कागद मधे धरून ओढायचा, बस. पॉलिश पेपर लावू नका, चांदीचे ठिपके झिजतात. मोजणीच्या चाकांतलं तीस वर्षांचं वंगण डांबरासारखं झालं होतं, ते पुसून काढलं आणि परत तेल घातलं नाही. डोक्याच्या काचेवरचं चित्र मागून रंगवलेलं असतं, तिथं ओलं फडकंसुद्धा लावलं नाही. एका कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटलेत, ते तसेच आहेत.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी जोडणी झाली. मशीन मागच्या बाजूनं उचलून पुढं साडेतीन अंशांचा उतार दिला, मोबाईल ठेवून मोजला. अण्णांना खुर्चीवर आणून बसवलं. खेळ सुरू करायचं बटण दाबलं की हे मशीन आधी सगळे आकडे शून्यावर आणतं. आत एक छोटी मोटार फिरते, ती पट्ट्या उघडझाप करते आणि चाकं खाड-खाड-खाड पुढं सरकतात. भाचा म्हणाला, मामी, हे हळू चालतंय, व्हिडिओत बघितलं ते याहून जलद होतं, मोटार गेली वाटतं. मी घाबरून मिस्त्रींना फोन लावला, नशिबानं उचलला. ते हसले. "अमेरिकेत लाईन साठ सायकलची, हितं पन्नास. सहा फेरं तिथं, तर पाच हितं. मोटार चांगली हाय." तेवढ्यात अण्णा म्हणाले, "हळू कुठाय? हे असंच वाजायचं." त्यांनी सतरा वर्षं वखारीत हाच ठेका ऐकला होता. मग मान तिरकी करून म्हणाले, "तिसरं चाक अडतंय." काच काढून बघितलं तर तिसऱ्या चाकाची स्प्रिंग खरंच हुकावरनं सुटली होती.

ते उभे राहून खेळले. दोन्ही तळहात कडेच्या लोखंडी पट्ट्यांवर, बोटं बटणांवर, आणि गोळा खाली येईपर्यंत बोटं हलत नव्हती. मी असते तर चारदा बटणं दाबली असती. गोळा अगदी फ्लिपरच्या टोकाशी आला तेव्हा एकदाच दाबलं, उजवं. १९९६ मध्ये जळालेलं तेच. गोळा वर जाऊन घंटेवर आदळला आणि आकड्यांची चाकं धावली. तिसऱ्या गोळ्याला ते दमले आणि खुर्चीत बसले, पण बसून भाच्याला सांगत राहिले, आत्ता नको, आत्ता नको, हां, आत्ता. आकडा खडूनं कुठं लिहायचा म्हणून त्यांनी दाराकडं बघितलं. हे दार नवीन, पुरानंतरचं. पाटी आणून दिली.

खर्चाचं विचारतात म्हणून: दोन कॉइल मिळून एकोणीसशे रुपये, त्यात फसलेली धरलेली नाही. ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या तारेचा, बेचाळीसशे. पावती हातानं लिहून मिळते, आणि तिच्या पाठीवर दोन्ही वाइंडिंगचे फेरे, गेज, दिशेचा बाण, सगळं लिहून दिलंय. वही त्यांनी स्वतःकडंही ठेवलीय. म्हणजे ही कॉइल पुन्हा कधी जळली तर उलगडायची गरज नाही.

जाणार असाल तर जळका पार्ट जसाच्या तसा न्या, घरी उचकटू नका. एखादी तार जरी ओढून काढली तरी फेऱ्यांचा हिशेब चुकतो. सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा मिस्त्री स्वतः असतात आणि बोलायला सवड असते. गुरुवारी दुकान बंद. आणि मार्च ते मे टाळा, पाऊस लागल्यावर मोटारी कमी होतात, तेव्हा आठ दिवसांचं काम आठ दिवसांत होतं असं त्यांचा पोरगाच मला म्हणाला.